बैलगाडीपुरती वाट

लोपीस सरांवर मी लिहावे की नाही, हा विचार बरेच दिवस चालला होता. सरांच्या गावचे, त्यांची घरातली बोली बोलणारे, त्यांच्याच चर्चमध्ये जाणारे कितीतरी विद्यार्थी आहेत. त्यांच्यात लिहिणारेही असतील. मी विरारच्या मनवेलपाड्यातल्या चाळीत वाढलो. आईवडील साताऱ्याकडून आलेले, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझे मराठीही धड नाही, इंग्रजी तर सरांनी दिले तेवढेच. शिवाय मला जे सांगायचे आहे ते गेलेल्या शिक्षकाच्या फोटोखाली लिहितात तसले नाही. सर क्षमाशील नव्हते. म्हणून आधीच सांगतो, माझे काही चुकले तर वाचणाऱ्यांनी माफ करावे. सरांनी केले नसते.

त्यांची पहिली आठवण वर्गातली आहे. अकरावीच्या पुस्तकातल्या एका धड्यात बर्फात अडकलेल्या माणसांचे अन्न ‘ड्विंडल’ होत जाते. सरांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला आणि बोट नेमके माझ्याकडे केले. मी उभा राहून कसेबसे म्हणालो, “कमी होणे.”

“कमी होणं म्हणजे डिक्रीज,” सर म्हणाले. “ते ऑफिसातलं कमी होणं. आज दहा, उद्या आठ. हे तसं नाही. बस.”

मग त्यांनी तासाचा उरलेला वेळ त्या एका क्रियापदावर घालवला. नवीन शब्द आला की त्यांचे एक वाक्य ठरलेले असे, “शब्दाला आधी त्याचं गाव विचारा, मग काम सांगा.” या शब्दाच्या गावी फार पूर्वी ‘ड्वाइन’ असा एक जुना शब्द होता. स्कॉटलंडच्या खेड्यांत तो अजून बोलतात म्हणे. तो अन्नासाठी नव्हता, पाण्यासाठी नव्हता, तो माणसासाठी होता. दुखणाईत माणूस अंथरुणावर दिवसेंदिवस उतरत जातो, तसे उतरणे. “आपल्याकडे पाणी आटतं, पूर ओसरतो, गर्दी रोडावते. माणूस काय होतो?” उत्तरही त्यांनीच दिले. “माणूस खंगतो. हा शब्द मूळचा खंगण्याचा आहे.” पुढे त्याला शेवटी एक बारीक शेपूट लागले, स्पार्कचे स्पार्कल होते ना, तसले. त्या शेपटाचा अर्थ असा की गोष्ट एका झटक्यात होत नाही, थोडी थोडी, पुन्हा पुन्हा होत राहते. “घाईला इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत,” सर खडू ठेवत म्हणाले. “हळूहळू संपण्याला इतका चांगला शब्द दुसरा नाही.”

हे ते इतक्या चवीने म्हणाले की मला वाटले, भाषेवर प्रेम म्हणतात ते हेच असावे. भाषेवर प्रेम होतेच. पण चव कशाची होती ते मला पुढे कळले.

माझ्यासारखी मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीत बुडत, म्हणून सर आम्हा चारपाच जणांना रविवारी संध्याकाळी वसईतल्या सांडोरला, त्यांच्या घरी बोलावत. फी घेत नसत. भुईगावचा विल्सन माझ्या वर्गात होता. त्याच्या सायकलवर डबलसीट आम्ही जात असू. आम्ही पोचायचो तेव्हा घरात जपमाळेची प्रार्थना चालू असे. सर, त्यांच्या पत्नी मार्टा आंटी आणि शेजारच्या दोघी म्हाताऱ्या क्रूसासमोर गुडघे टेकून बसलेले असत. मी दारातच चपला काढून उभा राहत असे. शब्द मराठी असल्यामुळे मला समजत. तिथेच माझ्या लक्षात आले की एका ठिकाणी सरांचा आवाज बंद होतो. नीट लय धरून म्हणत असत, मध्येच तोंड मिटत, आणि पुढची ओळ आली की पुन्हा सुरू. प्रत्येक फेरीत त्याच जागी. आणि नेमक्या त्याच जागी मार्टा आंटींचा आवाज चढत असे, जणू त्या दोघांचे म्हणत आहेत.

परतताना मी विल्सनला विचारले. तो पॅडल मारता मारता म्हणाला, “क्षमेची ओळ आहे ती. आम्हाला ज्यांनी त्रास दिला त्यांना आम्ही माफ करतो, अशी. सर नाही म्हणत. माझी आजी सांगते, फादरनी पण समजावून पाहिलं.”

“मग फादरना काय म्हणाले?”

“म्हणाले, खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.”

ज्याला माफ करायचे नव्हते तो फार लांब नव्हता. रस्त्याला लागून सरांचे घर, मागे त्यांची केळीची वाडी, मग विहीर, आणि विहिरीपलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचे, इनासचे घर. वडिलांनी वाटणी केली तेव्हा विहीर दोघांत ठेवली होती. तिचे पाणी झाडांना आणि घरच्या माणसांना, विकायचे नाही, असे सांगून ठेवले होते. इनासला मागच्या घराकडे जायला म्हणून सरांच्या हिश्श्यातून एक वाट दिली होती, बैलगाडी जाईल एवढी. तेव्हा वसईच्या पूर्वेला, नालासोपाऱ्याला, विरारला चाळी आणि बिल्डिंगा उगवत होत्या आणि नळ कोणाकडेच नव्हते. इनासने विहिरीवर मोठा पंप बसवला आणि टँकर भरायला सुरुवात केली. समुद्र इतका जवळ. गोडे पाणी उपसून काढले की त्या जागी खारे पाणी येते, हे सांडोरमध्ये सगळ्यांना ठाऊक होते. दोनतीन उन्हाळ्यांत विहीर मचूळ झाली आणि सरांच्या राजेळी केळी पानांच्या कडेने करपू लागल्या.

सरांची आई तेव्हा होती. राजेळी सोलून, उन्हात वाळवून ती सुकेळी करायची, मऊ, चिकट, मधासारखी. ती शेवटी आजारी पडली तेव्हा तिने सुकेळी मागितली. फक्त सुकेळी, दुसरे काही नाही. वाडीत राजेळीचा एक घड धरला नव्हता. इनासने बाजारातून पुडा आणून दिला. सरांनी तो तिच्या उशाकडून उचलला आणि मागच्या दारी कोंबड्यांपुढे उघडला. आई तशीच गेली. हे मला सरांनीच सांगितले, आवाज न चढवता, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, “निबंधाची वही काढ.”

गावातली माणसे त्यांना कोर्टात जायला सांगत. सरांचे उत्तर ठरलेले होते. “कोर्टात निकाल लागतो. निकाल लागला की संपतं. मला त्याला संपवायचं नाही, कमी करायचंय.”

त्यांनी काय केले, तर आई गेली त्या पावसाळ्यात वाटेच्या दोन्ही कडांना बांबू लावला. आपल्याच जमिनीत, हद्दीच्या आत. बांबूला विहिरीचे पाणी लागत नाही, तो पावसावर जगतो. आणि त्याचे बेट दरवर्षी थोडे रुंद होते. गावाला वाटले, मास्तर शोभेची झाडे लावतोय.

मी जाऊ लागलो तोवर बांबू डोक्यावर गेला होता आणि टँकरला अंग चोरून यावे लागत होते. दर पावसाळा संपला की सर एक काम करत, आणि त्या कामात दुसरे टोक धरायला मी असे. त्यांच्या ओट्याच्या भिंतीवर वडिलांच्या बैलगाडीचे जू टांगलेले होते. ते उतरवून आम्ही आडवे धरायचो आणि रस्त्यापासून विहिरीपर्यंत वाटेने चालत जायचो. जू जिथे अडेल तिथला बांबू सर स्वतः कोयत्याने तोडत. जुवाला लागत नसेल तो बांबू टँकरच्या कितीही आड येवो, त्याला हात लावत नसत. “बापानं बैलगाडीची वाट दिली,” ते म्हणत, “बैलगाडीची वाट राहील. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही.” असे चालताना ते खुशीत असत. एकदा मला म्हणाले, “दत्तोबा, ग्रामरमध्ये याला काय म्हणतात ठाऊक आहे? कंटिन्युअस टेन्स.”

मी त्या वेळी त्यांच्या पूर्ण बाजूने होतो, आणि त्याला माझेही कारण होते. आमच्या चाळीत येणारा टँकर इनासचा होता. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा सरांना सांगायला मी घाबरलो, पण सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, “पुढच्या रविवारी एक बाटली घेऊन ये.” तेव्हापासून मी दर रविवारी घरच्या पिंपातली एक बाटली नेत असे. सर धडा सुरू करण्याआधी पेल्यात ओतून एक घोट घेत, तोंडात फिरवत आणि खिडकीतून विहिरीकडे बघत. “खारं वाढलंय,” एवढेच म्हणत. किंवा, “अजून दोन उन्हाळे.” मार्टा आंटी आतून म्हणायच्या, “दुसऱ्याच्या लेकराचं पाणी ते, त्याचं वाईट चिंतू नका.” सर म्हणत, “पाण्याचं नाही चिंतत.”

त्याच वर्षी उन्हाळ्यात आमच्या रांगेत एक गोष्ट घडली. पाणी फारच खारट आले होते. माझी आई ड्रायव्हरला म्हणाली, भाऊ, याने डाळ शिजत नाही. काही भांडली नाही, नुसती म्हणाली. त्याने पाइप उचलला आणि सगळ्या बायकांसमोर गटारात सोडून दिला. “खारट आहे ना? मग कशाला पाहिजे? खारं पानी गटारात जाऊ दे.” बराच वेळ पाणी वाहू दिले. शेवटी आईनेच हात जोडले. त्या रविवारी मी बाटली नेली नाही, ही गोष्ट नेली. सरांनी ऐकून घेतले, मग कपाटातून नवीन कोयता काढून मला दाखवला, आणि परत ठेवून दिला. “कोयता सोपा असतो,” ते म्हणाले. “तुला सोपं पाहिजे की पक्कं?”

मी पक्के म्हणालो. पुढच्या पावसानंतर एका रविवारी आम्ही ओट्यावर असताना टँकर मागे सरकत आला आणि त्याचा बाजूचा आरसा बांबूत अडकून तुटला. ड्रायव्हर तोच होता. तो खाली उतरून काचा गोळा करत होता आणि सर आम्हाला पॅसिव्ह व्हॉइस शिकवत होते. “द मिरर वॉज ब्रोकन. कोणी फोडला, सांगायची गरज नाही. म्हणून पॅसिव्ह.” आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसलो. इतके बरे मला कधी वाटले नव्हते.

मोठा टँकर यायचा थांबला. मग छोटा टँकर आला, मग टेंपोवर टाकी. बांबू रुंदावतच होता. जूही दरवर्षी फिरत होते. एका संध्याकाळी इनास स्वतः ओट्यापाशी आला. सरांसारखेच कपाळ, सरांसारखेच हात. दोघे भाऊ आपल्या बोलीत बोलू लागले, मला निम्मेच कळत होते. इनास वाटेबद्दल बोलत होता, आईचे नाव दोनदा आले. सर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, जू. मग इनासचे लक्ष माझ्याकडे गेले आणि तो साध्या मराठीत म्हणाला,

“पोरा, तू कुठला?”

मी सांगितले.

“मनवेलपाडा. म्हणजे तुझ्या आईला पाणी मी पाजतो.” त्याने सरांकडे हात केला. “हा काय पाजतो? शब्द.”

तो निघून गेल्यावर सरांनी धडा पुढे चालू केला, पण माझे लक्ष लागेना. कारण तो म्हणाला ते खरे होते. टँकर बारीक होत गेला तसे आमच्या चाळीतले पाणीही बारीक होत गेले होते. आधी रोज यायचे, मग एक दिवसाआड, मग येईल तेव्हा. आई आता लांबच्या बोअरिंगवर जात होती आणि तिथे भांडणे होत होती. बाकीचे निघाल्यावर मी मागे थांबलो. सरांसमोर असे बोलायची माझी पहिलीच वेळ होती. मी म्हणालो, “सर, वाट त्यांची अरुंद होते, पण पाणी आमचं कमी होतं.”

सरांनी पुस्तक मिटले. मग म्हणाले, “ठाऊक आहे.”

“मग?”

“मग काही नाही. तुझ्या आईला सांग, मास्तर वाईट माणूस आहे. खरंच सांग.” आणि आत गेले. मार्टा आंटींनी मला जाताना पिशवीत दुधी आणि वालाच्या शेंगा घातल्या. मी घेतल्या. आईला मात्र मी काहीच सांगितले नाही. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर जुवाचे दुसरे टोक धरायला मी पुन्हा गेलो. का गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. गटारात वाहिलेले ते पाणी मी विसरलो नव्हतो, एवढे मात्र खरे.

मी बी.ए. झालो, मला नाशिकला शाळेत नोकरी लागली, आणि त्याच सुमारास मनवेलपाड्यात नळ आले. चाळीत लोकांनी नळाला हार घातले, पेढे वाटले. मी सुट्टीत आलो तेव्हा तीच आनंदाची बातमी सांगायला सांडोरला गेलो, सवयीने एक बाटली घेऊन. सरांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“हे त्याचं नाही.”

मी म्हणालो, नळाचे आहे, आता सगळीकडे येणार, टँकरचा धंदा बसला. इनासने टेंपो विकल्याचे विल्सन म्हणत होता.

सरांना इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. ओरडले नाहीत, पण पेल्यातले उरलेले पाणी खिडकीबाहेर ओतून दिले. “इतकी वर्षं मी बांबू वाढवला,” ते म्हणाले, “आणि त्याला एका पाइपनं मोकळं केलं. त्यानं आता म्हणावं, नळ आला म्हणून धंदा गेला. दादामुळे गेला, असं म्हणायची त्याला गरजच उरली नाही.” आतून मार्टा आंटी म्हणाल्या, मग आता तोडून टाका ते बांबू. सर म्हणाले, “वाट अजून आहे.”

त्यानंतर मी गेलो तेव्हा सर अंथरुणावर होते. पोटाचे दुखणे होते. माणूस इतका लहान झाला होता की खाटेवर चादरच अंथरली आहे असे वाटले. फक्त ते कपाळ आणि ते हात उरले होते. मला पाहून हसले.

“दत्तोबा, शब्द त्याच्या गावी परत आला बघ.”

मी खाटेपाशी बसलो. त्यांनीच विचारले, शाळेत काय शिकवतो, पोरे कशी आहेत, शब्दाचे गाव सांगतोस की नाही. मग म्हणाले, यंदा जू फिरवायचे राहिले. ते एकट्याला जमणार नाही म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरून जू काढले. मार्टा आंटी दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसरे टोक धरायला कोणी नव्हते, म्हणून मी ते एकटाच आडवे धरून वाटेत शिरलो. दहाबारा पावलांवरच अडकले. बांबू दोन्हीकडून वाकून एकमेकांत गेले होते. बैलगाडी काय, सरळ चालणारा माणूसही जेमतेम गेला असता. पलीकडे इनास विहिरीच्या कठड्यावर बसला होता. त्याने मला पाहिले, जू पाहिले, आणि तोंड फिरवले.

सरांचा कोयता मी कमरेला खोचून आणला होता. मी तोडला नाही. परत येऊन सरांना सांगितले, “सर, अडतंय.”

सरांनी डोळे मिटले. “कुठे?”

“सगळीकडे.”

बापाने दिलेल्या वाटेपेक्षा वाट कमी झाली, हे त्यांना लागेल, तोड म्हणतील, असे मला वाटले. त्यांनी डोळे उघडून माझ्या हातातल्या जुवाकडे पाहिले. मग म्हणाले, “राहू दे.”

सर गेले ते मला दोन आठवड्यांनी कळले. विल्सनने फोन करायचा प्रयत्न केला होता, शाळेचा फोन बंद होता. शेवटी त्याचा फोन लागला तेव्हा मी स्टाफरूममध्ये उभा होतो आणि मागे मुलांचा गोंगाट चालला होता. चर्चमध्ये मिस्सा कशी झाली, कोणकोण आले होते, ते त्याने सांगितले. जुने विद्यार्थी पुष्कळ होते. मी इनासचे विचारले.

इनास आला होता, विल्सन म्हणाला. मागच्या वाड्यांतून पायी वळसा घालून येता आले असते, पण तो त्या वाटेनेच आला, आडवा होऊन, बांबूत अंग घासत. शर्ट फाटला होता, केसांत बांबूची वाळलेली पाने तशीच होती. दफनभूमीत खड्ड्याच्या अगदी कडेला, मार्टा आंटींच्या शेजारी उभा राहिला. मूठभर माती त्यानेच आधी टाकली. प्रार्थना सुरू झाली तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता, अगदी सरांसारखा, विल्सन म्हणाला, डोळे मिटले असते तर सरच म्हणतायत असे वाटले असते.

“मग ती ओळ आली,” विल्सन म्हणाला, “आणि इनासने तोंड मिटलं. सगळ्यांनी पाहिलं. पुढची ओळ आली तसा परत म्हणायला लागला.”

मी विचारले, “आणि आंटी?”

“आंटींनी आवाज चढवला,” तो म्हणाला. “नेहमीसारखा.”